खाच

जोएलनं काउंटरवर पेटी ठेवली,
म्हणाला, अंकल, डिस्क कुठून टाकायची?
मी ती फिरवली, पोटाशी, पाठीशी
अंगठ्यानं चाचपली.
खाच नव्हती.
हिला तोंडच दिलेलं नाही, म्हणालो.
ही हवेतून जेवते.

माझा सगळा धंदा खाचांवर चालला.
पहिली रुपयाची,
घणसोली गावात, गावदेवीच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये.
नाणं सरकवलं की लढाई सुरू.
आम्ही वॉशर घासून रुपयाच्या मापाचे करायचो;
शेडवाला ओळखायचा, कान पिळायचा,
वॉशर मात्र ठेवून घ्यायचा.
मग पिवळी कॅसेट, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ,
मोजून सात.
लागली नाही की फुंकर.
फुंकरीनं काही होत नाही
हे मला दुरुस्ती शिकल्यावर कळलं,
तरी गिऱ्हाइकासमोर आधी फुंकर मारायचो,
मग स्पिरिटचा बोळा.

मग डिस्का. दोन दिवसांचे पन्नास, ओरखड्याचे शंभर.
एकच क्रिकेटची डिस्क अकरा घरं फिरली,
बाराव्या घरी भावाभावांच्या भांडणात मोडली.
तिचा अर्धा चंद्र अजून माझ्या स्कूटरला लटकतो,
मागचं दिसावं म्हणून.

आता वाढदिवसाला कोड देतात.
कोड उसना जात नाही,
जुना होत नाही,
म्हणून जुन्या बाजारात येत नाही.
आणि पेटी, जी पाचव्या वर्षी स्वस्त व्हायची,
ती पाचव्या वर्षी महागली.
जोएलच्या बाबांनी विचारलं, थांबू का दिवाळीपर्यंत?
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी गिऱ्हाइकाला म्हणालो, थांबू नका.

पेटी चालू केली. पडद्यावर करार आला.
तो वाचणारा आख्ख्या सेक्टरात मी एकटाच असेन.
तुम्ही खेळ विकत घेत नाही,
खेळायची परवानगी घेता,
आम्हाला वाटेल तोवर.
अप्पांना वाचून दाखवलं.
ते मागं खुर्चीत वाल सोलत होते.
हात न थांबवता म्हणाले,
त्यान नवीन काय हाय रं?
सिडकोचा कागद पन साठ वर्सांचाच.

साडेबारा टक्क्यांतला हा गाळा.
शेत गेलं तेव्हा अप्पा जोएलएवढे होते.
मी 'मान्य' दाबलं.

मढवींचा हितेश आला रात्री, पाळीवर जाता जाता.
ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, रबाळ्याला,
खिडक्या नसलेल्या इमारतीत असतो.
सगळे खेळ आता तिथंच राहतात, म्हणाला,
तिथं नाहीतर तसल्याच कुठल्या थंड खोलीत.
घरघर एवढी की कानात बोळे घालावे लागतात.
मी विचारलं, बिघडलं तर?
ड्राइव्ह काढायचा, दुसरा घालायचा,
काढलेला चुऱ्याच्या मशीनमध्ये.
दुरुस्ती नसते तिथं, दादा. बदली असते.

चहा संपवला. मग म्हणाला,
खाचा मात्र आहेत. भिंतभर.
सरकवताना तोच 'टक' येतो, तुमच्या दुकानातला.
परवा एक लागेना,
इकडंतिकडं पाहिलं
आणि फुंकर मारली.

लागला?

कॅमेऱ्यात दिसलं. मेमो मिळाला.

मी ड्रॉवरमधून जुनी वही काढली,
पानं एकमेकांना चिकटलेली.
हितेश मढवी, दोन डिस्क, बाकी.
तारीख दोन हजार नऊची.
आणून दे, म्हणालो.
तो हसला. लावणार कशावर?
म्हटलं, तू आण तर.